एक बरं, की दोन?

नव्या नंबरातून त्या बाईंना सगळ्यात आधी स्पष्ट दिसली ती माझी मुलगी.

म्हणजे झालं असं, की बाई होत्या कोपऱ्यावरच्या पार्लरच्या, केस कापणाऱ्या. दुपारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसतं आणि माझ्याकडेही नसतं, म्हणून आल्या. कात्रीचं टोक दिसेनासं झालंय म्हणाल्या. ‘काल एकीचा कान थोडक्यात वाचला,’ असं सांगून स्वतःच खो खो हसल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची ती जड गोल चौकट चढवली, जी घातली की राजबिंडा माणूससुद्धा बावळट दिसतो, आणि माझं रोजचं सुरू केलं. एक भिंग खाचेत सरकवायचं. हे एक. ते काढायचं, दुसरं सरकवायचं. की हे दोन? एक बरं, की दोन? दिवसभर माझ्या तोंडी हेच असतं. झोपेतही बडबडतो म्हणे, बायको सांगते. आणि गंमत अशी की भलीभली माणसं या प्रश्नाला घाबरतात. शाळेतल्या तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखा चेहरा करतात, घाईघाईने काहीतरी ठोकून देतात, मग ‘नाही नाही, थांबा हं, मघाचं बरं होतं बहुतेक’ म्हणतात. मी म्हणतो, सावकाश. मला कुठे आग विझवायला जायचंय? बघा, परत बघा. आणि दोन्ही सारखं दिसत असेल तर सारखं म्हणा, लाजू नका, तेही उत्तरच आहे. खरं तर मला तेच हवं असतं. दोन्ही सारखं दिसायला लागलं की नंबर लागला असं आम्ही धरतो. त्या खुर्चीपुढच्या स्टुलावर बसलो की मी कितीही वेळ थांबू शकतो. त्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही.

तर बाई अखेर ‘सारखंच’ म्हणाल्या. मी वाचायचा कागद हातात देणार, तोवर त्या तो उचलायला स्वतःच काउंटरवर वाकल्या. काउंटरच्या काचेखाली मी मुलीचा फोटो ठेवलाय. पिवळ्या झग्यातला, मान तिरकी, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथे बहुतेक खिडकी असावी. बाई वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. ‘अगंबाई! ही तर आमची मुंगी!’

आमची. मुंगी हे आमचं घरातलं नाव. चालायला लागली तेव्हापासून ती भिंतीला हात लावून, कडेकडेने चालते, खोलीच्या मधून कधी जात नाही, म्हणून मीच ठेवलेलं. ते घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, ‘कोण मुंगी?’ ‘ही हो, आमच्या शनिवारच्या गटातली. तुमच्याकडे कसा हिचा फोटो?’ आणि मग त्या जड चौकटीतून माझ्याकडे टक लावून बघत, ‘अय्या, म्हणजे तुम्ही मुंगीचे बाबा होय! कपाळ अगदी तुमचं घेतलंय. कधी दिसला नाहीत तुम्ही, आम्हाला वाटलं...’ ‘काय वाटलं?’ ‘काही नाही हो. बाहेरगावी असता असं वाटलं.’ बाई चांगल्या होत्या. खोटं पटकन सुचलं त्यांना. मग जरा सावरून बोलत राहिल्या, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो ना गट, आईबाप नि मुलं सगळी एकत्र, माझा दांडगा पण असतो, माझ्यापेक्षा उंच झालाय पण अजून बूट मीच घालते, आणि ही मुंगी, काय गोड पोर हो, खूश झाली की कशी गुणगुणते! जिन्यातच ऐकू येतं, आम्ही म्हणतो, आज स्वारी खुशीत आहे. मी म्हटलं, ‘हो ना.’ त्यांच्या डोळ्यांवरची चौकट उतरवली, नंबर लिहून घेतला, फ्रेम कुठली हवी ते विचारलं. त्या गेल्यावर बघितलं तर उजव्याचा नंबर डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला लिहिला होता.

दर शनिवारी बायको मुलीला घेऊन मावशीकडे जाते, असं मला माहीत होतं. मावशी म्हणजे बायकोची मोठी बहीण, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. शनिवार माझा दुकानातला गर्दीचा दिवस, त्यामुळे मला बरंच होतं. संध्याकाळी त्या दोघी परत यायच्या, बायको जरा हसरी असायची, मी म्हणायचो, बहिणीकडे गेलीस की तुला रंग चढतो. ती म्हणायची, चढतो खरा. त्या दिवशी रिकाम्या खुर्चीपुढे बसून मला आधी रागच आला. सणसणीत राग. बायको मला फसवते! पण त्या रागाला धड बसायला जागा मिळेना. दुसरा कोणी पुरुष असता तर जाऊन त्याच्या नाकावर एक ठोसा तरी दिला असता. इथे खोलीभर आईबाप होते. त्यांच्या नाकांनी माझं काय वाकडं केलं होतं? मग राग उतरला, आणि त्याच्या खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. खूश झाली की गुणगुणते. हे त्या कात्रीवाल्या बाईला माहीत होतं.

घरी मुंगी करायची तो आवाज मला चांगला ठाऊक होता. ओठ मिटून, नाकातून, एकाच सुरात, म्म्म्म, मिक्सर दूरच्या घरात चालू असावा तसा. मला वाटायचं तिचं काहीतरी दुखतंय. मी हातातलं टाकून उठायचो. पंखा बंद करून बघायचो, कान बघायचो, झग्याची शिवण टोचतेय का बघायचो. मग मांडीवर घेऊन पाठीवर थोपटायचो, झालं हं, झालं, नाही हं, बाबा आहे ना. थोड्या वेळाने ती गप्प व्हायची आणि मला वाटायचं, जमलं. बापाचा हात फिरला की पोर शांत होते, असं मी बायकोला ऐटीत सांगितलंही होतं. ती तेव्हा माझ्याकडे नुसती बघत राहिली. इतके दिवस मी माझ्या लेकीचा आनंद थोपटून थोपटून बंद करत होतो, देवा! आणि तीही बिचारी माझ्या हाताला मान देऊन थांबायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसं नाही म्हणता येणार नाही. मुंगी बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, आणि मुख्य म्हणजे तोंडाकडे बघत नव्हती. आता चष्मेवाल्याच्या पोरीने तोंडाकडे बघितलं नाही तर चष्मेवाल्याला काय वाटणार? मला वाटलं, डोळे. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तिला खुर्चीत बसवलं, तिचे डोळे उजेड टाकून तपासले, एकदा नव्हे, परत परत. स्वच्छ डोळे. इतके स्वच्छ डोळे माझ्या खुर्चीत क्वचित बसतात. तरी मी म्हटलं, काहीतरी बारीक असेल, यंत्राला न दिसणारं, आणि सगळ्यात लहान नंबराचा चष्मा केला तिला. गुलाबी फ्रेम, कानामागे रबर. बऱ्या डोळ्यांना चष्मा करणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा सापडायचा नाही. तिने तो शांतपणे काढला, एक भिंग अंगठ्याने दाबून बाहेर पाडलं, आणि ते दिव्यासमोर धरून फिरवत बसली. तेव्हापासून ते भिंग तिच्या मुठीत असतं, झोपेतही. बायकोने एवढंच म्हटलं, ‘कड घासून दे, हात कापेल तिचा.’ मी दगडावर कड गोल करून दिली. डॉक्टर म्हणाले होते, डोळे उत्तम आहेत हो, तिची बघायची रीतच वेगळी आहे, आणि तुम्हा दोघांना सोबत लागेल, पालकांचा एक गट आहे, जात जा. मी म्हटलं होतं, आम्ही आहोत ना एकमेकांच्या सोबतीला. असं बोललं की जरा भारदस्त वाटतं. बाहेर बायको भिंतीवरचा फलक वाचत उभी राहिली होती. बस आली म्हणून मीच तिला हाक मारली. चल लवकर, म्हटलं.

तो सगळा आठवडा मी तोंडाला कुलूप लावलं. नुसतं बघत राहिलो. शाळेच्या कचेरीतून बायको यायची, पर्स खुंटीला लावायची, भाजी चिरता चिरता पोरीशी बोलायची. आणि आता लक्ष दिलं तेव्हा मला दिसायला लागलं की ती वेगळंच बोलते. विचारते आणि थांबते. सुरी हातात तशीच. केळं की बिस्कीट? आणि थांबते. मी तिथे असलो की मीच म्हणून टाकायचो, अगं दे केळं, तिला केळंच आवडतं. बायको केळं सोलायची. अशी किती उत्तरं मी त्या पोरीच्या तोंडातून काढून घेतली असतील कोण जाणे. शुक्रवारी मी मुद्दाम विचारलं, ‘मावशीकडे बरं आहे ना सगळं?’ ‘आहे की.’ ‘गुडघे कसे आहेत तिचे?’ ‘आहेत आपले.’ ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खोटं बोलताना ती घड्या फार सुरेख घालते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला त्या दिवशी कळलं. माझ्या सदऱ्याची कॉलर तिने पुन्हा पुन्हा सरळ केली. मला एकदम वाटलं, आता बोलून टाकावं. पण बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर कदाचित ते शनिवार बंद पडले असते. मला भीती वाटली. ती मला सोडून जाईल अशी नव्हे. त्या दोघींचं माझ्यावाचून चालायला लागलंय, छान चालायला लागलंय, आणि थोड्या दिवसांनी त्या घरातल्या घरात माझ्यासाठी जागा ठेवायला विसरून जातील, ही.

शनिवारी दुकानाच्या दाराला ‘आत्ता येतो’ची पाटी अडकवली आणि निघालो. अंगात पांढरा कोट तसाच. वाचनालयात खाली म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचत होती, एकाच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती, सवयीने तिकडे लक्ष गेलं. जिन्याला लागलो आणि वरून आवाज आला. म्म्म्म. माझा पाय पायरीवर तसाच राहिला. तोच आवाज, पण इथे त्याला कोणी थोपटत नव्हतं, त्यामुळे तो वाढत होता, खाली येत होता, पुन्हा चढत होता. सूर एकच आहे असं मी म्हणत होतो, तो एकच नव्हताच. ती अख्खी चाल होती. मी कठड्याला धरून ऐकत उभा राहिलो आणि मला इतकं भरून आलं की वरून कोणी उतरलं असतं तर पंचाईत झाली असती.

वर दाराबाहेर बाकावर एक आजोबा बसले होते, काठी गुडघ्यात धरून. माझ्या कोटाकडे बघून म्हणाले, ‘डॉक्टर का?’ ‘नाही, चष्मेवाला.’ ‘मग आत कोणाचे बाबा?’ मी नाव सांगितलं. ‘हां, मुंगीचे. या की मग. उभे का?’ मी म्हटलं, ‘जरा दम खातो.’ ते हसले. ‘खा, खा. मी पण सुरुवातीला इथेच दम खात बसायचो. नातवाला मुलगी आत न्यायची आणि मी म्हणायचो, माझा गुडघा दुखतो. एवढा जिना चढून आल्यावर बरा दुखायला लागतो गुडघा, असं कोणी म्हटलं नाही. भली माणसं आहेत.’ ‘मग आत कसे गेलात?’ ‘आत चहा असतो,’ आजोबा म्हणाले, आणि काठी टेकून उठलेच. ‘चला. माझ्या मागे मागे या, म्हणजे कोणी बघणार नाही.’

सगळ्यांनी बघितलं. सतरंजीवर आईबाप, मधे खेळणी, कोपऱ्यात एक उंच मुलगा भिंतीकडे तोंड करून डुलत होता, त्याच्याजवळ पार्लरवाल्या बाई. त्यांनी मला बघून ओठ दाताखाली चावला. मुंगी टेबलाखाली होती, भिंग डोळ्याला लावून. आणि बायको. तिच्या चेहऱ्यावरून किती काय काय गेलं ते मी सांगू शकणार नाही. ती उठली नाही. पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकली. तिच्याजवळ एका माणसापुरती सतरंजी मोकळी झाली, तिथे मी जाऊन बसलो. मी पुटपुटलो, ‘मावशीकडे म्हणाली होतीस.’ ती समोर बघत म्हणाली, ‘तू नको म्हणाला असतास, मग मला भांडावं लागलं असतं. इथे यायचं आणि तुझ्याशी भांडायचं, दोन्ही करण्याएवढं माझ्यात उरलं नव्हतं रे. मग मी इथे आले.’ मी तिची पर्स तिच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतली.

गट चालवणाऱ्या ताईंचा आवाज खणखणीत होता. ‘नवे बाबा? बसा, बसा. लाजू नका, इथे सगळेच नापास झालेले आहेत.’ मग त्यांनी मघाचं पुढे चालू केलं. मुलासमोर दोन वस्तू धरायच्या. विचारायचं. आणि थांबायचं. मनाला वाटेल त्याच्याहून जास्त थांबायचं. एका बस चालवणाऱ्या बाबांची पाळी होती. त्यांनी पोरासमोर चेंडू नि मोटार धरली, ‘हे का हे? हे? मोटार ना? मोटार घे. घे की रे!’ सगळी खोली हसली. ताई म्हणाल्या, ‘अहो, थांबा जरा. तुमची बस स्टॉपवर थांबते की नाही?’ ‘नाही थांबत, म्हणून तर तक्रारी येतात,’ ते म्हणाले, आणि स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले. मीही हसलो. हसता हसता मला जाणवलं की ही जी गोष्ट ताई घसा फोडून शिकवत होत्या, ती मी पोटासाठी रोज करत होतो. परक्या माणसांसाठी. ज्यांची नावं मी संध्याकाळी विसरतो त्यांच्यासाठी मी स्टुलावर बसून थांबतो, आणि घरी येऊन कोट काढून ठेवला की माझं थांबणंही त्याच खुंटीवर लटकतं. ताई म्हणाल्या, ‘मुंगीचे बाबा, बघता करून?’

कोटाच्या खिशात नेहमीप्रमाणे दोन-चार भिंगं होती. मी त्यातली दोन घेतली आणि रांगत टेबलापर्यंत गेलो. कोट, गुडघे, सगळं अवघड. तिने गुणगुणणं थांबवलं. मी टेबलाखाली डोकं घातलं. ‘मुंगे,’ म्हटलं, आणि दोन्ही हात तिच्यासमोर धरले. ‘हे एक. की हे दोन?’ आणि मग मी थांबलो. ती माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघत होती. बाहेर खुर्ची सरकली. कोणीतरी खोकलं. माझ्या जिभेवर आलं होतं, दोन घे, दोन छान आहे, ते मी गिळलं. हात भरून आले. मला कुठे आग विझवायला जायचंय, मी स्वतःला म्हटलं. सावकाश. बघ, परत बघ. मांडीला मुंग्या आल्या आणि तरी थांबलो. आणि तिचा हात आला. आधी माझ्या मनगटाला लागला, भिंतीला लावते तसा, मग मनगटावरून कडेकडेने पुढे सरकत बोटांपर्यंत आला आणि तिने दुसरं भिंग घेतलं. बाहेर कोणीतरी टाळी वाजवायला लागलं, ताईंनी ‘शू’ केलं.

मला वाटलं, झालं. मी मागे सरकणार, तेवढ्यात तिने माझ्या हातातलं पहिलंही काढून घेतलं. स्वतःचं घासलेलं भिंग झग्याच्या खिशात ठेवलं, दोन्ही मुठी मोकळ्या करून घेतल्या. मग एक भिंग उचलून माझ्या डोळ्यासमोर धरलं. जरा वेळ. ते खाली घेतलं. दुसरं वर आणलं. जरा वेळ. अगदी माझ्या हाताच्या लयीत, तसंच मनगट वळवून. तिची शाळा नसायची तेव्हा ती दुकानात पडद्याच्या फटीशी तासन्‌तास बसायची आणि मला वाटायचं, ही कुठेच बघत नाही. पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं. मग दोन्ही भिंगं दोन बाजूंना धरून ती थांबली. डोळ्यांकडे नाही, पण माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठांकडे, गिऱ्हाईकाचं उत्तर कधी येतंय ते मी बघतो तसं.

टेबलाबाहेरून बायकोचा आवाज आला, अगदी हळू. ‘सांग की रे तिला. थांबलीये ती.’

मी बघायला गेलो, पण डोळ्यांत इतकं पाणी होतं की दोन्ही भिंगांमधून काहीएक वेगळं दिसेना.

‘सारखंच,’ मी म्हटलं. ‘दोन्ही सारखंच दिसतंय गं मुंगे.’

तिने भिंगं खाली ठेवली आणि गुणगुणायला लागली. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि नुसता ऐकत बसलो.